आमच्या ठाण्यातले मेजर

पोलीस ठाण्यात दोन गोष्टींचा ढीग कधी कमी होत नाही. एक, जप्त केलेल्या मोटारसायकलींचा आणि दुसरा, किश्श्यांचा. मोटारसायकली निदान पावसात गंजून बसतात. किश्श्यांचं तसं नाही. चहाचा कप हातात आला की कोणीतरी किक मारतंच, आणि ते पहिल्या किकला चालू होतात!

माझ्याकडच्या किश्श्यांमधले निम्मे तरी एकाच माणसाचे आहेत. निंबा खैरनार. मूळचे नामपूरकडचे. फौजेत सतरा वर्षं काढली, श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर लढून आले आणि नव्वदच्या दशकात माजी सैनिक म्हणून आमच्या पोलिसात भरती झाले. मी तेव्हा विंचूरच्या बाजूच्या आमच्या ठाण्यात महिला पोलीस शिपाई होते आणि बहुतेक वेळ वायरलेस सेटवर असायचे. त्यामुळे मेजरांचं जे काही व्हायचं, ते आधी माझ्या कानावर पडायचं.

‘मेजर’ म्हटलं म्हणून फसू नका. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो.

हजर झाल्याच्या पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी विचारलं, “तुम्ही मेजर म्हणजे, आर्मीत खरंच मेजर होतात?”

“नाही साहेब. आर्मीत हवालदार होतो.”

“आणि आता?”

“आता पोलिसात शिपाई.”

“मग मेजर कुठे?”

“बसस्टँडपासून घरापर्यंत, साहेब!”

*

त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीचीच गोष्ट. आठवड्याचा बाजार होता. मी आणि मेजर गर्दीतून फिरत होतो. ते मला वांग्याच्या भरिताबद्दल काहीतरी सांगत होते. तेवढ्यात पलीकडे एका टेम्पोचं टायर फुटलं. धडाम्!

मी दचकून मागे पाहिलं आणि परत वळले, तर शेजारी मेजर नाहीत!

मेजर मथुराबाईच्या दुकानात पालथे पडले होते. दुकान म्हणजे काय, जमिनीवर पोतं आणि पोत्यावर वांगी. डोकं खाली, दोन्ही हात डोक्यावर, आणि खाली चुरडलेली वांगी. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच हसले.

मला फार वाईट वाटलं. नवीन माणूस, अंगावर वर्दी, आणि भर बाजारात असं! पण मेजर उठले, शर्टावरचे देठ झटकले आणि स्वतःच हसायला लागले.

“हसा, हसा,” ते लोकांना म्हणाले. “ही सवय दिसायला वाईट आहे. पण हिच्यामुळेच पेन्शनीपर्यंत पोचलो!”

हसणं थांबलं. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी मेजरांची खाली पडलेली टोपी उचलून, फुंकर मारून त्यांच्या हातात दिली.

पुढच्या बाजाराला आम्ही परत गेलो, तर मथुराबाईनं लांबूनच हाक मारली. तिनं दुकानाची मांडणीच बदलली होती.

“ओ मेजर! आज टायर फुटलं तर ह्या अंगाला पडा बरं का. वांग्याला लय काटे ऱ्हातात. हिकडं कोथमीर ठेवली हाय, मऊ लागंल!”

*

लढाईचं काही सांगा म्हटलं की मेजर एकच गोष्ट सांगायचे. लोणच्याची.

जाफन्याच्या बाजूला ताडाच्या बनात त्यांची तुकडी अडकली होती. समोरून गोळीबार, आणि आडोसा म्हणाल तर एका विहिरीचा कठडा. मेजरांच्या पाठीवरच्या पिशवीत बायकोनं पाठवलेली लोणच्याची बरणी होती. कैरीचं लोणचं, नामपूरच्या तिखटाचं. रजेवरून आलेल्या एका दोस्तानं ती एवढ्या लांब जपून आणली होती.

एक गोळी आली आणि पिशवीत घुसली. मेजरांना पाठीवर ओलं ओलं लागलं. शेजारचा ओरडला, “खैरनारला लागली!” पाठ सगळी लालभडक. आणि मेजर सांगायचे, “आग पण अशी व्हायला लागली की मला स्वतःलाच खात्री पटली. म्हटलं, निंबा, संपलं. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला लागलो, तर तोही नीट येईना, डोळ्यात तिखट गेलेलं!”

औषधोपचारवाला जवान सरपटत आला. त्यानं शर्ट फाडला, पाठ पुसली आणि बोट नाकाशी नेलं. तो पंजाबी होता.

“ओय खैरनार,” तो म्हणाला, “पहला घायल देखा है जिसे देखकर भूख लग गई!”

ठाण्यात ही गोष्ट आम्ही किती वेळा ऐकली असेल! नवीन माणूस आला की आम्हीच म्हणायचो, “मेजर, लोणचं सांगा.” आणि मेजर रंगवून सांगायचे.

एकदा मी विचारलं, “मेजर, मग पुढे काय झालं?”

ते कप खाली ठेवत म्हणाले, “पुढे काय, ताई. संध्याकाळी हजेरी झाली.”

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, “लोणचं खाणारे दोघं कमी होते.”

त्यानंतरही ते ती गोष्ट सांगत राहिले, पण ‘मग पुढे काय’ असं मी पुन्हा विचारलं नाही.

*

मेजरांना तमिळ येते, हा आमच्या ठाण्यात अभिमानाचा विषय होता. विंचूरच्या मार्केटला कांदा भरायला पार तमिळनाडूतून ट्रक यायचे, त्यामुळे ‘आपल्याकडे तमिळ बोलणारा माणूस आहे’ असं आमचे साहेब इतर ठाण्यांना सांगायचे. ती किती येते, हे मात्र कोणी तपासलं नव्हतं!

एकदा एका तमिळ ट्रकचा कोपरा कांद्याच्या ट्रॉलीला लागला. ट्रॉली कलंडली आणि भर रस्त्यात कांदेच कांदे. लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढलं. सावळा, चाळिशीचा माणूस, नाव मुरुगन. त्याला हिंदी येईना आणि लोकांना धीर निघेना. कोणीतरी त्याची कॉलर धरली होती, दोघांनी चपला काढल्या होत्या.

आम्ही पोचलो. मेजर गर्दीत घुसले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि कडक आवाजात तमिळमध्ये काहीतरी बोलले. मुरुगननं झटकन दोन्ही हात वर केले.

मेजर आणखी काहीतरी बोलले. मुरुगन पुतळ्यासारखा स्तब्ध झाला.

मेजरांनी तिसरं वाक्य टाकलं. आता मुरुगन घाबरायचा थांबला आणि बुचकळ्यात पडला. त्यानं खाली रस्त्याकडे पाहिलं, कांद्यांकडे पाहिलं, मेजरांकडे पाहिलं, आणि एकदम खो खो हसत सुटला. हात वर तसेच!

“मेजर, काय म्हणालात त्याला?” मी विचारलं.

मेजर ओशाळले. “काय म्हणणार, ताई? मला येतात तेवढी वाक्यं म्हणालो. ‘हात वर.’ ‘हलू नको.’”

“आणि तिसरं?”

“‘या वाटेवर सुरुंग पेरलेत का?’”

ज्यानं कॉलर धरली होती तोच पहिला हसला. मग चपला हातात घेतलेलेही हसले, आणि हातात चपला असताना हसू आलं की त्या चपलांचं काही होत नाही, परत पायातच घालाव्या लागतात! थोड्या वेळानं तीच माणसं खाली वाकून कांदे गोळा करत होती, आणि मुरुगन त्यांच्यात होता.

दुपारी त्यानं ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवला, भात-सांबार केलं आणि मेजरांना हाताला धरून बसवलं. त्याचा क्लीनर मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्याच्यामार्फत मुरुगननं विचारलं, ही भाषा कुठे शिकलात?

“जाफन्याला,” मेजर म्हणाले.

मुरुगनचा हात थांबला. त्याच्या बायकोचं माहेर तिकडचं. त्याच लढाईत घर सोडून, होडीत बसून ती माणसं रामेश्वरमला उतरली होती.

आता हा माणूस उठून जातो की काय, असं मला वाटलं. मेजरांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी घास परत पानात ठेवला.

मुरुगननं डाव पुढे केला आणि मेजरांच्या पानात आणखी सांबार वाढलं. मग सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं, एक तमिळ वाक्य म्हटलं आणि मेजरांकडून ते दोनदा वदवून घेतलं. क्लीनर म्हणाला, “बोलता है, ये भी सीखो. इसका मतलब है, ‘पेट भरा क्या?’”

*

हा किस्सा छोटासाच आहे.

वर्षातून एकदा आमची गोळीबाराची प्रॅक्टिस असायची. मला त्या रायफलची भयंकर भीती. चाप ओढताना डोळे मिटायचे. खांद्याला बसणारा धक्का तर आदल्या दिवशीपासूनच बसायला लागायचा.

मेजर माझ्याशेजारी येऊन आडवे झाले. “ताई, ती तुझ्यावर रागावलेली नाही. तिला जवळ घे. सासूला भेटल्यासारखी लांबून धरशील, तर ती सासूसारखीच वागेल!”

मी हसले. हसता हसता श्वास मोकळा झाला, डोळे उघडे राहिले आणि सगळ्या गोळ्या मारल्या. टार्गेट तपासून आले, तर माझ्या कागदावर एकही भोक नाही. रडूच आलं.

मेजर शेजारचं टार्गेट घेऊन आले. तिथे शेजारच्या शिपायाच्या भोकांबरोबर माझी भोकं होती, आणि सगळी अगदी मधोमध.

“नेम पहिल्या नंबरचा आहे,” मेजर म्हणाले. “आता फक्त दुश्मन कोण ते ठरव!”

*

आता बसस्टँडवरची गोष्ट. बाँबस्फोटांच्या बातम्या यायच्या त्या दिवसांतली. बेवारस पिशवी दिसली की लोक लांब पळायचे.

दुपारी बसस्टँडवर बाकाखाली एक पिशवी सापडली. तोंड सुतळीनं आवळलेलं. मालक नाही. कंडक्टरनं आरडाओरडा केला. मी, मेजर आणि दोन शिपाई धावलो. मेजरांनी बघता बघता स्टँड रिकामा केला. बाँबशोधक पथक नाशिकहून निघालं होतं, पण यायला वेळ लागणार होता.

तेवढ्यात मेजरांना दिसलं की बाकाच्या पलीकडे एक अपंग आजोबा बसून राहिलेत. त्यांना कोणी उचललंच नव्हतं.

मी पुढे झाले. मेजरांनी मला मागे ओढलं. “तुझी पोरं लहान आहेत. माझी नोकरीला लागली.” आणि गेले.

हातातल्या वॉकीटॉकीवर कंट्रोल रूम सारखी विचारत होती, “वस्तूचं वर्णन द्या, वस्तूचं वर्णन द्या.” मी बटण न दाबता मेजरांकडे बघत होते. मेजर वाकून, पाऊल जपून टाकत गेले. आजोबांना पाठुंगळी घेतलं, वळले आणि पिशवीच्या शेजारून परत यायला लागले.

आणि पिशवी हलली.

मेजर जागच्या जागी थिजले. आजोबा त्यांच्या पाठीवर. आणि पिशवीतून आवाज आला,

“कुक्कूऽऽच कू!”

गर्दीतून सुरगाण्याकडचा एक माणूस हात उंचावत धावत आला. “सायेब, मारू नका! माझा कोंबडा हाय! सासऱ्याला देयाला चाललोय!” तो भेळ खायला गेला होता. कोंबडा पुन्हा एकदा आरवला.

मेजर आजोबांना बाकावर बसवून त्यांच्या शेजारीच मटकन बसले. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. “जाफन्यातसुद्धा एवढा घाम नव्हता फुटला,” ते म्हणाले.

कंट्रोल रूम अजून ओरडत होती. मी बटण दाबलं.

“कंट्रोल, वस्तू आरवली. ओव्हर.”

थोडी खरखर झाली. “समजलं नाही. रिपीट करा. ओव्हर.”

“सर, वस्तू आरवली. दोनदा. ओव्हर!”

*

कांद्याच्या भावासाठी एकदा हायवेवर मोठा रास्ता रोको झाला. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा, मध्ये शेतकरी बसलेले, समोर आम्ही हेल्मेट घालून. वातावरण तापलेलं. वरून हुकूम आला की पुढाऱ्याला उचला, बाकीचे आपोआप उठतील.

पुढारी कोण? डोक्याला टॉवेल बांधून, गळ्यात कांद्यांची माळ घालून घोषणा देणारा पोपट खैरनार. मेजरांचा सख्खा धाकटा भाऊ, नामपूरहून ट्रॅक्टर भरून माणसं घेऊन आलेला!

साहेब म्हणाले, “मेजर, तुम्ही बाजूला व्हा. दुसरा कोणी जाईल.”

“दुसरा गेला तर मारामारी होईल, साहेब. मी गेलो तर नुसतं भांडण होईल.”

मेजर पुढे गेले. पोपटनं मोठ्या भावाकडे पाहिलं. घोषणा थांबली. एवढ्या माणसांत फक्त ट्रकच्या इंजिनांचा आवाज. त्या क्षणाला काहीही झालं असतं. मेजरांनी पुढाऱ्याला करतात तसा वाकून त्याला नमस्कार केला, कमरेला मिठी घातली आणि लहानपणी उचलत असतील तसा खांद्यावर उचलला. पोपट हवेत हातपाय झाडत घोषणा द्यायला लागला. मी जवळच होते. घोषणेच्या मध्ये तो भावाच्या कानात त्यांच्या अहिराणीत म्हणाला,

“भाऊ, घट्ट धर! फोटोवाला उभा शे!”

लोक उठले, रस्ता मोकळा झाला, कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. ठाण्यात दोघं भाऊ एकाच डब्यातली भाकरी खात, कांद्याचे भाव कसे वाढतील यावर कचाकचा भांडत बसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पुढे कधीतरी आम्ही नामपूरला मेजरांच्या घरी गेलो, तर तो फोटो मोठा करून, काचेची फ्रेम लावून भिंतीवर! एक पोरगा वर्दीत, दुसरा त्याच्या खांद्यावर आडवा, तोंड उघडं.

मी त्यांच्या आईला म्हटलं, “आई, हा अटकेचा फोटो आहे हो.”

म्हातारीनं पदरानं काच पुसली. “ऱ्हाऊ दे व माय. मन्हा दोन्ही आंडोर एक फोटोमा पहिल्यांदाच शेतस!”

तिच्या दोन आंडोरांपैकी, म्हणजे मुलांपैकी, एक सतरा वर्षं फौजेत. दोघं मोठे झाल्यावर एकत्र फोटो काढायला वेळ कधी मिळाला होता!

*

आता शेवटचा. यातल्या जवानाचं आणि त्याच्या वस्तीचं नाव सांगत नाही. तो आज ठणठणीत आहे, डाळिंबाची बाग करतो आणि दर दिवाळीला मेजरांकडे फराळाला जातो. त्यानंच परवानगी दिलीय म्हणून सांगते.

कारगिलची लढाई संपली त्याच्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. हा पोरगा डोंगरावरून रजेवर घरी आला होता. आल्यापासून झोपला नव्हता. आई-बायको विनवण्या करून थकल्या. एका सकाळी त्यानं वडिलांची परवान्याची बारा बोअरची बंदूक घेतली, घरच्यांना अंगणात काढलं आणि स्वतः आत जाऊन दार लावलं. एक गोळी पत्र्यातून वर गेली. कोणी पुढे झालं की तो आतून ओरडायचा, “पीछे हटो! आगे मत आना!”

आमचे तेव्हाचे साहेब तरुण होते, तिशीचे, नुकतेच ठाण्याचा चार्ज घेतलेले. त्यांनी मागच्या बाजूनं पत्रा काढून आत उतरायचं ठरवलं होतं. पोराची आई माझा हात धरून एकच म्हणत होती, “त्याला मारू नका वं ताई, त्यो लय थकलाय.”

मेजर साहेबांना म्हणाले, “साहेब, एकदा मला जाऊ द्या.”

“हत्यार?”

“नको.”

साहेबांनी मागच्या बाजूला निघालेल्या शिपायांना हातानं थांबवलं. मग त्यांनी मान हलवली.

मेजरांनी पट्टा आवळला आणि मला म्हणाले, “ताई, टोपी सरळ आहे का बघ.” मी पाहिलं. सरळ होती. मग ते अंगणातून निघाले. लपत नाही, वाकत नाही, बूट मुद्दाम जोरजोरात आपटत.

आतून पहारेकऱ्याच्या थाटात आवाज आला, “थम! कौन आता है?”

“दोस्त!” मेजर उभे राहिले. “पहरे की बदली लेकर आया हूँ.”

मग तो आवाज आला, आणि या वेळी तो अगदी लहान पोराचा वाटला.

“इतनी देर क्यों की?”

मेजर म्हणाले, “रास्ता खराब था.”

कडी वाजली. दार उघडलं. पोरानं बंदूक उघडून काडतूस काढलं आणि बंदूक दोन्ही हातांवर धरून मेजरांना दिली. मेजरांनी ती घेतली आणि दाराला पाठ करून उभे राहिले. पोरगा अंगण ओलांडून कडुनिंबाखालच्या खाटेपर्यंत आला, आडवा झाला आणि आईनं डोक्यावर हात ठेवायच्या आत झोपला.

नाशिकहून डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, आत्ता उठवू नका, आपोआप उठेल तेव्हा घेऊन जाऊ. माणसं पांगली. ऊन डोक्यावर आलं. मेजर दारातच उभे.

साहेब त्यांच्याजवळ गेले. “मेजर, झालं काम. चला, सावलीत बसा.”

“साहेब, तो मध्येच डोळे उघडून बघेल. दारात कोणी नसलं तर? बदली आल्याशिवाय मी जागा कशी सोडू?”

साहेब जीपपाशी आले, आतून आपली टोपी काढली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि परत अंगणात गेले.

“जा, भाकरी खाऊन घ्या,” ते मेजरांना म्हणाले. “मी उभा राहतो.”

मेजरांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि ती रिकामी बंदूक साहेबांच्या हातात दिली.

“मेजर,” साहेबांनी हळूच विचारलं, “तो उठला तर काय म्हणायचं?”

मेजरांनी पहारेकऱ्याची नेहमीची हाक सांगितली.

उन्हं कलल्यावर तो पोरगा जागा झाला. खाटेवर उठून बसला आणि डोळे चोळत त्यानं दाराकडे पाहिलं. साहेब घामानं निथळत होते. त्यांनी टाच जुळवली, मान ताठ केली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

“सब ठीक है!”